राष्ट्रपतींचा शपथविधी पाहायला निघण्याआधी

अंथुर्ण्याहून निमगाव केतकीकडे निघालेली तुकोबांची पालखी शेळगाव फाट्यावर आली की रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येकाला दर्शन घडतं. पास लागत नाही, वशिला लागत नाही, जरा लवकर येऊन जागा धरली की झालं. राष्ट्रपतींच्या शपथविधीचं नेमकं उलटं आहे. तिथे आदल्या रात्री जाऊन बसलात तरी तुमच्यासाठी जागाच नसते. पुढचा शपथविधी २५ जुलै २०२७ रोजी अपेक्षित आहे. तो दिल्लीला जाऊन बघायचा असं ज्यांच्या मनात आहे, त्या शेळगाव, अंथुर्णे, निमगाव, बारामती-इंदापूर भागातल्या विद्यार्थ्यांना माझा पहिलाच सल्ला असा : त्या दिवशी दिल्लीत जाऊ नका. शपथ गावात बसून टीव्हीवर पाहा आणि दिल्लीला त्याच आठवड्यात, पण दोन-तीन दिवसांनी निघा. असं केलंत तर त्या दिवशी जाणाऱ्यापेक्षा तुम्ही कितीतरी जास्त पाहून याल.

आधी तारखेचं. राष्ट्रपतींचा शपथविधी २५ जुलैलाच व्हावा असं संविधानात कुठे लिहिलेलं नाही. डॉ. राजेंद्रप्रसाद २६ जानेवारी १९५० ला पहिले राष्ट्रपती झाले. पुढे काही वर्षं ही तारीख १३ मे होती. झाकिर हुसेन पदावर असताना वारले, त्यामुळे व्ही. व्ही. गिरींच्या वेळी ती २४ ऑगस्टवर गेली. फक्रुद्दीन अली अहमद यांचंही फेब्रुवारी १९७७ मध्ये पदावर असतानाच निधन झालं आणि त्या वर्षीच्या निवडणुकीनंतर नीलम संजीव रेड्डी यांनी २५ जुलैला शपथ घेतली. तेव्हापासून प्रत्येक राष्ट्रपतीने पाच वर्षं पूर्ण केली, म्हणून तारीख हललेली नाही. द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ ला शपथ घेतली, तेव्हा पुढची पाळी २०२७ ची. त्या दिवशी रविवार आहे. रविवारी सरकारी काम कसं होईल, अशी शंका घेऊ नका. झैलसिंगांनी १९८२ च्या २५ जुलैला शपथ घेतली, तोही रविवारच होता.

मराठी माणसाच्या मनात यातली एक २५ जुलै पक्की बसलेली आहे, २००७ ची. जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील त्या दिवशी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांनी त्यांना शपथ दिली आणि मावळते राष्ट्रपती अब्दुल कलाम शेजारी होते. शिवसेना तेव्हा भाजपच्या आघाडीत होती, तरी केवळ मराठी उमेदवार म्हणून तिने प्रतिभाताईंना मतं दिली, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, त्यांना आठवत असेल. पण त्या दिवशीसुद्धा महाराष्ट्रातून कुणी सामान्य माणूस दिल्लीला जाऊन सभागृहात बसू शकला नसता. याचं कारण समजून घेणं महत्त्वाचं आहे.

हा सोहळा कित्येक वर्षं संसदेच्या जुन्या इमारतीतल्या सेंट्रल हॉलमध्ये होत आला. त्या इमारतीला सप्टेंबर २०२३ पासून संविधान सदन म्हणतात. तिथे कोण बसतं? उपराष्ट्रपती, लोकसभेचे अध्यक्ष, पंतप्रधान आणि मंत्री, राज्यपाल, मुख्यमंत्री, परदेशी वकिलातींचे प्रमुख, खासदार आणि वरिष्ठ मुलकी व लष्करी अधिकारी. यादी इथे संपते. तिकीटविक्री नाही, सोडत नाही, शाळांसाठी राखीव रांग नाही. बाहेर थांबून मिरवणूक तरी बघू म्हणाल, तर राष्ट्रपती भवनापासून संसदेपर्यंतचं अंतरच थोडं आहे आणि तो सगळा टापू सुरक्षा दलांच्या ताब्यात असतो. २०२२ साली त्या परिसरातली सरकारी कार्यालयंसुद्धा सकाळपासून दुपारपर्यंत बंद ठेवली होती. जिथे कारकुनाला आपल्या टेबलापर्यंत जाता येत नाही, तिथे शेळगावच्या विद्यार्थ्याला कोण उभं करणार?

म्हणून एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. 'शपथविधीचा पास मिळवून देतो' असं कुणी सांगितलं, मग तो पुढाऱ्याच्या गाडीत मागे बसणारा असो की मोबाईलवर लिंक पाठवणारा, तो फसवतो आहे. विकत मिळणारा असा पास अस्तित्वातच नाही. एक रुपयासुद्धा देऊ नका.

आता टीव्हीवर काय बघायचं ते. २०२२ चा सोहळा सकाळी सव्वादहाच्या सुमाराला सुरू झाला होता. दूरदर्शन आणि संसद टीव्ही दोन्हीकडे तो थेट दाखवतात. माझं ऐकाल तर खासगी वाहिन्या लावू नका; तिथे निवेदकच शपथेपेक्षा जास्त बोलतात. मावळते आणि नवे राष्ट्रपती एकत्र संसदेत येतात. उपराष्ट्रपती, लोकसभा अध्यक्ष आणि सरन्यायाधीश त्यांना घेऊन आत जातात. केंद्रीय गृहसचिव निवडीची अधिसूचना वाचून दाखवतात. मग सरन्यायाधीश शपथ देतात, नोंदवहीत सही होते, दोघे खुर्च्या बदलतात आणि बाहेर २१ तोफांची सलामी सुरू होते. खुर्च्यांची ही अदलाबदल अवघ्या काही क्षणांची असते, नजर हटली तर निसटते. माझ्या मते साऱ्या सोहळ्यात बघण्यासारखं तेच आहे. सगळ्यात मोठं पद एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं आणि त्याला लागतं काय, तर दोन खुर्च्या आणि एक सही.

शपथेचे शब्दही कान देऊन ऐका. मंत्री शपथ घेतात ती संविधानावर श्रद्धा आणि निष्ठा बाळगण्याची, राष्ट्रपती घेतात ती संविधानाचं आणि कायद्याचं रक्षण करण्याची, शिवाय जनतेच्या सेवेला वाहून घेण्याची. मंत्र्यांना राष्ट्रपती किंवा राज्यपाल शपथ देतात, पण राष्ट्रपतींना सरन्यायाधीश. ते नसतील तर सर्वोच्च न्यायालयाचे हजर असलेले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश. हे अनुच्छेद ६० मध्ये आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तुम्ही हा धडा पाठ केला असेल. त्या दिवशी संविधानाची मराठी प्रत समोर ठेवून ऐकलात तर तो पाठ करायची गरजच उरणार नाही.

शिक्षकांना एक सुचवतो. रविवार असला तरी शाळेचा एक वर्ग उघडा, मोठा पडदा लावा आणि शपथेच्या आधी अर्धा तास मुलांकडून एक गणित सोडवून घ्या. राष्ट्रपती निवडताना आमदारांच्या मतांना वेगवेगळी किंमत असते. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी भागायचं, आलेल्या उत्तराला हजाराने भागायचं. १७५ येतात. म्हणजे आपल्या इंदापूरच्या आमदारांच्या एका मताची किंमत १७५, आणि ते मत पडतं मुंबईच्या विधान भवनात. खासदाराच्या मताची किंमत २०२२ मध्ये ७०० होती. मुलांना विचारा, लोकसंख्या १९७१ चीच का धरतात? ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट केलं त्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून, हे उत्तर निघेपर्यंत शपथविधीची वेळ होईल. शेळगावचा आणि राष्ट्रपती भवनाच्या रायसीना टेकडीचा संबंध काय, हे या गणितातून जितकं कळतं तितकं दिल्लीच्या गर्दीत उभं राहून कळणार नाही.

एवढं झालं की दिल्ली. समजा बुधवारी, २८ जुलैला निघालात. गुरुवारी पोहोचाल, शुक्रवार संसदेसाठी, शनिवार राष्ट्रपती भवनासाठी, रविवारी उरलंसुरलं आणि परत. वार मुद्दाम असे धरले आहेत, कारण पुढे येईलच.

आपल्या भागातून दिल्लीला जायला पुणे गाठायची गरज नाही. शेळगाव फाट्यावरून एसटीने बारामती, तिथून एसटीने किंवा रेल्वेने दौंड. मुलींना आणि बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, ते घ्या. कर्नाटक एक्स्प्रेस आणि झेलम एक्स्प्रेस नवी दिल्लीला जातात, गोवा एक्स्प्रेस हजरत निजामुद्दीनला. तिन्ही गाड्या मनमाडवरून जातात आणि प्रवास साधारण एक अख्खा दिवस-रात्रीचा आहे. दौंडला दोन वेगळी स्थानकं आहेत, दौंड जंक्शन आणि दौंड कॉर्ड लाईन. तिकिटावर कोणतं लिहिलं आहे ते निघण्याआधी वाचा, नाहीतर पिशव्या घेऊन एका फलाटावर उभे राहाल आणि गाडी दुसऱ्याच स्थानकावरून जाईल. रात्रीच्या वेळी एकाकडून दुसरीकडे धावपळ करणं वीस मुलांना घेऊन जमत नाही.

पैशाचं सांगतो, कारण बहुतेक सहली तिथेच अडतात. २०२० नंतर रेल्वेने बऱ्याच सवलती काढल्या, पण विद्यार्थ्यांच्या ठेवल्या आहेत. शैक्षणिक सहलीला विद्यार्थ्यांना भाड्यात सूट मिळते, आणि ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या मुलांना वर्षातून एकदा अभ्याससहलीसाठी दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के सूट आहे. आपल्याकडच्या कितीतरी शाळांना हे ठाऊकच नसतं. मग खासगी बस ठरते आणि खर्च कितीतरी वाढतो. ही सवलत मोबाईलवरून मिळत नाही. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा रेल्वेच्या नमुन्यातला दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर जावं लागतं. तुमची शाळा कोणत्या सवलतीत बसते, तेही त्याच खिडकीवर आधी विचारून घ्या. दोघं-तिघं मिळून जात असाल तर एका तिकिटावर सहाजणांपर्यंत चालतं; मोठा गट असेल तर स्टेशनमास्तरांना आधीच भेटा. तत्काळच्या भरवशावर अजिबात राहू नका. आता त्याला आधारची पडताळणी लागते आणि विसाव्या मुलापर्यंत जागा उरत नाही.

राहायचं कुठे? दिल्लीत दोन महाराष्ट्र सदनं आहेत, कोपर्निकस मार्गावरचं जुनं आणि कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवं. दोन्हीकडे पहिला हक्क लोकप्रतिनिधी आणि सरकारी पाहुण्यांचा; जागा उरली आणि शिफारस असली तरच इतरांचा नंबर. अधिवेशनाच्या दिवसांत ते धरून चालू नका. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नवी दिल्ली स्थानकापासून जवळ, तिथे आधी विचारून पाहा. पहाडगंजातल्या स्वस्त लॉजमध्ये मुलींचा गट घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी मात्र कुणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. ओळखीच्या माणसाने आत जाऊन खोली बघितल्याशिवाय पैसे भरू नयेत. रिक्षावाल्याने सुचवलेलं हॉटेल तर कधीच नाही.

शुक्रवार संसदेचा. २०१७ आणि २०२२ या दोन्ही वर्षी शपथविधीच्या सुमारास पावसाळी अधिवेशन चालू होतं. २००७ आणि २०१२ मध्ये ते ऑगस्टमध्ये सुरू झालं होतं. म्हणून २०२७ च्या अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच पाहून घ्या. अधिवेशन असेल तर लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीचा पास खासदाराच्या शिफारशीने मिळतो. आपला भाग बारामती लोकसभा मतदारसंघात येतो, तेव्हा पत्र खासदार सुप्रिया सुळे यांच्या कार्यालयाला. पत्र लिहिताना 'आम्ही आपल्या मतदारसंघातले आहोत, सहकार्य करावे' एवढंच लिहून पाठवू नका. प्रत्येकाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय, पत्ता, आधार क्रमांक, कोणत्या तारखेला जायचं आणि बरोबर कोण मोठं माणूस आहे, हे सगळं एका तक्त्यात द्या. शिफारस करणारा खासदार 'या व्यक्तीला मी ओळखतो' अशी हमी देत असतो. १३ डिसेंबर २०२३ ला दोघांनी गॅलरीतून सभागृहात उड्या मारल्या, तेव्हापासून ही हमी कुणी सहज देत नाही आणि देऊही नये. तुमच्या गावातल्या एखाद्या माहीतगार माणसाने कार्यालयात जाऊन ओळख पटवून दिली तर काम लवकर होतं. यात वशिला नाही. हमी देणाऱ्याला खात्री हवी, इतकंच.

गॅलरीत मोबाईल, पिशवी काही नेता येत नाही. टाळ्या नाहीत, बोलणं नाही, उठून उभं राहणं नाही. दहा वर्षांखालच्या भावंडाला घेऊन जाल तर तो बाहेर राहील आणि त्याच्याबरोबर तुमच्यातला एकजणही. सकाळचा अकराचा प्रश्नोत्तराचा तास मिळाला तर उत्तम, त्यानंतरचा शून्य प्रहर त्याहून मजेदार. गोंधळ होऊन कामकाज तहकूब झालं तर तेही पाहणंच आहे. तोंड पाडू नका.

शनिवार सगळ्यात महत्त्वाचा. राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात दर शनिवारी गार्ड बदलण्याचा समारंभ होतो. २०२५ च्या फेब्रुवारीपासून तो अधिक मोठ्या स्वरूपात आणि जास्त प्रेक्षकांसमोर होऊ लागला. घोड्यांवर बसलेलं राष्ट्रपतींचं अंगरक्षक दळ, बँड, सैनिकांच्या हालचाली आणि मागे ल्यूटन्सने बांधलेली ३४० खोल्यांची इमारत. शपथविधीनंतर नवे राष्ट्रपती जिथे तिन्ही दलांची मानवंदना घेतात, तेच हे प्रांगण. म्हणजे सहा दिवसांपूर्वी जे टीव्हीवर पाहिलं, ती जागा आता तुमच्या डोळ्यांसमोर असते. अंगरक्षक दळ १७७३ साली उभं राहिलं, आपल्याकडे तेव्हा पेशवाई होती. थोरल्या माधवरावांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. नोंदणी फक्त राष्ट्रपती भवनाच्या अधिकृत संकेतस्थळावर होते. वेळ ऋतूप्रमाणे बदलते आणि कधी कधी समारंभ रद्दही होतो, म्हणून दिल्लीला निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा. फाटकाबाहेर 'आत सोडतो' म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडे बघूही नका.

त्याच दिवशी किंवा रविवारी भवनाचा आतला फेरफटका आणि संग्रहालय पाहता येतं. दोन्हीची वेळ आधी ऑनलाईन ठरवावी लागते, सोमवारी बंद. आत दरबार हॉल आहे, त्याला २५ जुलै २०२४ पासून गणतंत्र मंडप म्हणतात. राजेंद्रप्रसादांनी पहिली शपथ घेतली ती इथे, सेंट्रल हॉलमध्ये नव्हे. हे ठाऊक असणारा विद्यार्थी मार्गदर्शकालाही प्रश्न विचारू शकतो. संग्रहालयात राष्ट्रपतींच्या बग्ग्यांविषयी कळतं. फाळणीच्या वेळी एक बग्गी भारताकडे की पाकिस्तानकडे, याचा निकाल छापा-काटा करून लागला, असं सांगतात.

जुलैतली दिल्ली म्हणजे दमट उकाडा आणि मधूनच कोसळणारी सर. सुती कपडे घ्या, चप्पल नको, पायात पट्ट्याची सँडल किंवा बूट. मूळ आधार कार्ड प्रत्येकाकडे स्वतःचं असू द्या. सरांच्या पिशवीतल्या वीस झेरॉक्सना फाटकावर कुणी विचारत नाही. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांचं संमतीपत्र आणि शाळेचं ओळखपत्र. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद. गटात मुली असतील तर बरोबर किमान एक शिक्षिका हवीच, यावर चर्चा नको.

एवढ्यावरही कुणी म्हणेल, मला सेंट्रल हॉलमध्येच उभं राहायचं आहे. तर त्याला रस्ता आहे, पण तो पासाचा नाही. १८ ते २५ वयाच्या तरुणांसाठी केंद्राच्या युवक मंत्रालयाची युवा संसद स्पर्धा असते. २०२५ मध्ये तिची सुरुवात एका मिनिटाच्या व्हिडिओने होती, तो 'माय भारत' पोर्टलवर टाकायचा. पुढे जिल्हा, मग राज्य आणि शेवटची फेरी थेट संविधान सदनाच्या सेंट्रल हॉलमध्ये. शेळगावातल्या मुलीला जिथे राष्ट्रपतींनी शपथ घेतली तिथेच उभं राहून बोलता येईल, असा हा एकमेव मार्ग मला दिसतो. मराठी बोलणारी मुलं हिंदी-इंग्रजीला घाबरून यात उतरतच नाहीत, हे वाईट आहे. परकं वाटायचं कारण नाही, सेंट्रल हॉलच्या भिंतीवर लोकमान्य टिळकांचं तैलचित्र आहे. २३ जुलैला, त्यांच्या जयंतीला, तिथे पुष्पांजली वाहतात. शपथविधीच्या दोनच दिवस आधी.

आणि राष्ट्रपतींना प्रत्यक्ष, सगळ्या इतमामात पाहायचं असेल तर त्यासाठी शपथविधी नको, २६ जानेवारी पुरे. कर्तव्यपथावरच्या संचलनाची तिकिटं अलीकडच्या वर्षांत २० आणि १०० रुपयांना मिळाली आहेत, संरक्षण मंत्रालयाच्या 'आमंत्रण' संकेतस्थळावर. तीही काही तासांत संपतात. एनसीसी किंवा एनएसएसमध्ये असाल तर दिल्लीच्या शिबिरासाठी निवड होऊन संचलनात चालायचीच संधी असते. जानेवारीत दिल्लीची थंडी बोचरी आणि धुक्यात गाड्या तासन्‌तास उशिरा, हे धरून एक दिवस हाताशी ठेवा. पाण्याची बाटली, छत्री, पॉवर बँक, रिमोटची किल्ली यांवर तिथे बंदी असते.

शपथविधीच जवळून बघायचा हट्ट असेल तर मुंबई जवळ आहे. आपल्याकडे मुख्यमंत्र्यांची शपथ हल्ली बऱ्याचदा मैदानात होते : २०१४ ला वानखेडे स्टेडियमवर, २०१९ ला उद्धव ठाकरेंची शिवाजी पार्कवर, ५ डिसेंबर २०२४ ला देवेंद्र फडणवीसांची आझाद मैदानावर. तिथे सामान्य माणूस जातो. पण हे सोहळे काही दिवसांच्या सूचनेवर ठरतात आणि गर्दी पक्षांनी आणलेली असते. लहान मुलांना तिथे नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. २३ नोव्हेंबर २०१९ ला राजभवनात भल्या सकाळी झालेल्या फडणवीसांच्या शपथविधीला तर मुंबईकरांनाही पोहोचता आलं नाही.

परदेशात शिकणाऱ्या किंवा तिथेच वाढलेल्या मराठी मुलांसाठी दोन ओळी. अमेरिकेच्या अध्यक्षांचा शपथविधी खुल्या जागेत होतो आणि त्याची तिकिटं मोफत असतात. ती आपापल्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयातून मिळतात. मिशिगनमध्ये, चिकोडीत जन्मलेले काँग्रेस सदस्य श्री ठाणेदार यांच्या मतदारसंघात राहणाऱ्यांना २०२५ साली ती मराठीतून पत्र लिहूनही मागता आली असती. मात्र २० जानेवारी २०२५ चा सोहळा कडाक्याच्या थंडीमुळे कॅपिटलच्या आत हलवायचं तीन दिवस आधी ठरलं आणि तिकीट हातात असलेले बहुतेक लोक बाहेर राहिले. पुढचा शनिवारी, २० जानेवारी २०२९ ला आहे. विमानाचं तिकीट रद्द करता येईल असंच काढा.

राहिला वेळेचा हिशेब. रेल्वेचं आरक्षण गाडी तिच्या मूळ स्थानकावरून सुटण्याच्या ६० दिवस आधी उघडतं. २८ जुलै २०२७ ला झेलमने दौंडहून निघायचं तर ते शनिवारी, २९ मे २०२७ ला सकाळी आठ वाजता उघडेल; बाकी दोन गाड्यांची तारीख आधी तपासून घ्या. त्या दिवशी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असेल, मुख्याध्यापक गावी असतील आणि शाळेचा शिक्का कपाटात. म्हणून सहल कोण नेणार, मुलं कोण, सवलतीच्या दाखल्यावर सही कोण करणार हे एप्रिल संपण्याआधी ठरवा, आणि २९ मे रोजी बारामती किंवा दौंडच्या खिडकीवर सकाळी कोण उभं राहणार त्याचं नावही लिहून ठेवा.